जहाज बुडवा, ठेव बुडवू नका

आपल्या मराठी माणसाचे समुद्राशी नाते तसे घोट्याइतक्या पाण्याचे. महाराजांनी भर समुद्रात सिंधुदुर्ग उभा केला, कान्होजी आंग्र्यांनी पश्चिम किनाऱ्यावर दरारा बसवला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण घाटावरचे कुटुंब कोकणात सहलीला गेले की काय करते? वडील पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात, आई साडीचा काठ उचलून धरते, मुले वाळूचा किल्ला करतात आणि एखादे पोर जरा धीट निघालेच, तर मागून हाक येते, "पुढे जाऊ नकोस रे!" या हाकेने पिढ्यान्पिढ्या आपल्याला काठावर ठेवले आहे. समुद्र आपल्यासाठी पाहायचा होता, खायचा होता, फार तर ऐकायचा होता. त्याच्या पोटात शिरायचे काम कोळ्या-गाबितांचे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र चित्र पालटले आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या गावांत सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहावे. सातारा, सांगली, नागपूर, संभाजीनगर इथून आलेली माणसे होडीत बसतात, अंगात रबरी पोशाख चढवतात, तोंडात नळी धरतात आणि प्रशिक्षकाच्या हाताला धरून पाण्याखाली जातात. ज्यांना पोहता येत नाही तीही जातात. पंधरा-वीस मिनिटांनी वर येतात तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येची प्रशिक्षण संस्थाही उभारली आहे. 'स्कूबा' हा शब्द आता मालवणी तोंडात 'सोलकढी'इतकाच सहज बसला आहे.

या हौसेला आता एक मोठे निमित्त मिळाले आहे. 'गुलदार' हे भारतीय नौदलाचे जहाज. पोलंडमधल्या गदिनिया बंदरात ते बांधले गेले आणि १९८५ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाले. लांबी सुमारे ८४ मीटर. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेले हे जहाज. त्याचे नाक दरवाजासारखे उघडायचे. जवळजवळ चाळीस वर्षांच्या चाकरीनंतर १२ जानेवारी २०२४ रोजी अंदमानात ते सेवामुक्त झाले. एरवी अशा जहाजाची वाट भंगाराच्या धक्क्याकडे जाते. 'गुलदार'चे नशीब वेगळे निघाले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते पर्यटन महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आले, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळावर बसवण्यासाठी. तिथे त्याचे पाण्याखालचे संग्रहालय व्हावे आणि कृत्रिम रीफ, म्हणजे माणसाने केलेला पाण्याखालचा खडक व्हावा, ही योजना. केंद्र सरकारने या प्रकल्पाला सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले.

आयुष्यभर मी लोकांच्या ठेवी आणि कर्जे सांभाळली. त्यामुळे ४७ कोटींचा आकडा वाचला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : ही रक्कम खर्ची पडणार, की गुंतवली जाणार? दोन्ही वेळा पैसे तिजोरीतून बाहेरच जातात. फरक पुढच्या वीस वर्षांत कळतो. हा प्रश्न एकट्या 'गुलदार'चा नाही. किनाऱ्याजवळ जिथे जिथे अशी रीफ होईल, तिथे तो विचारायला हवा.

त्याआधी ही रीफ म्हणजे काय, ते पाहू. समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी वाळूचा किंवा चिखलाचा असतो, उघडा माळच. माशाला तिथे आडोसा नाही, अंडी चिकटवायला जागा नाही, शेवाळाला पकड नाही. अशा माळावर काहीतरी टणक, उंच आणि भोकाभोकांचे ठेवले, की काही दिवसांतच त्यावर सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर धरतो. मग शेवाळ येते, कालवे आणि त्यांचे भाऊबंद चिकटतात, स्पंज वाढतात. ते खायला लहान मासे येतात, लहानांना खायला मोठे. तांबोशी, गोबऱ्यासारखे खडकाला धरून राहणारे मासे बिळे बळकावतात. पाणी आणि उजेड मानवला तर प्रवाळही बसतात. पण त्यांची चाल सावकाश. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आज मुंज झालेला मुलगा आजोबा होईल तेव्हा कुठे अर्ध्या मीटरचा गोळा दिसेल.

यात नवे काही नाही. केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार झाडांच्या फांद्या, दगड पाण्यात सोडून मासे जमवत आले आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने काँक्रीटचे त्रिकोण, कडी आणि विहिरीच्या आकाराचे ठोकळे तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत टाकून तेच काम शास्त्रोक्त केले. नवे आहे ते एवढेच, की ही जागा आता मासे धरणाऱ्यासाठी नव्हे तर मासे पाहणाऱ्यासाठी करायची आहे. पाहणाऱ्याला ती किनाऱ्याजवळ हवी. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचे पाण्याखालचे पठार आहे. कान्होजींचे नाव लावणारे हे प्रवाळांचे वैभव. पण तिथे जायचे म्हणजे मोहीमच काढावी लागते. सकाळी न्याहारी करून निघालेले कुटुंब जेवायला परत आले पाहिजे, तरच ते पर्यटन. म्हणून जवळचे जहाज.

आता पाण्याखाली जाणाऱ्याविषयी. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असे साधन तयार केले, की पाठीवरच्या नळकांड्यातली दाबाखालची हवा माणसाला हवी तेव्हा आणि हवी तेवढी मिळू लागली. वरच्या बोटीला बांधलेली नळी सुटली आणि माणूस पाण्यात मोकळा झाला. आजही तत्त्व तेच आहे. पण पाण्याचे कायदे कोणासाठी बदलत नाहीत. दर दहा मीटरला वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर फुग्यातली हवा निम्म्या जागेत मावते. कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की मोकळे होतात. वर येताना हीच गोष्ट उलटी घडते. श्वास कोंडून वर आले तर छातीतली हवा फुगते आणि थोड्या मीटरांच्या अंतरातही फुप्फुस फाटू शकते. म्हणून या विद्येचा पहिला धडा : श्वास कधीही कोंडायचा नाही. पोहायला शिकताना आपण नेमके उलटे शिकलेले असतो.

खाली रंगही खोटे बोलतात. पाणी लाल रंग आधी गिळते. दहा मीटरवर कपाळावरचे कुंकू काळपट दिसेल आणि बोट कापले तर रक्त हिरवट वाटेल. वस्तू एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात. परत आलेला जो तो माशाचा आकार दोन्ही हात पसरून सांगतो, त्यातली थोडी अतिशयोक्ती पाण्याची असते. आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे होडीचे यंत्र कोणत्या बाजूला धडधडते आहे ते कळत नाही. आणि या सगळ्यात आपण निःशब्द. बोलता येत नाही, मोबाइल वाजत नाही. ज्या घरात जेवतानाही चौघे चार पडद्यांकडे पाहतात, त्या घरातल्या चौघांनी वीस मिनिटे एकच मासा पाहावा, हा लाभ काही कमी नाही. म्हणूनच या छंदाला नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्या मुलाने पाण्याखालचा खडक जिवंत पाहिला, तो मोठेपणी समुद्रात प्लॅस्टिक फेकताना एकदा तरी थबकेल.

आता बँकेच्या भाषेतला कळीचा प्रश्न. मार्च महिना जवळ आला की प्रत्येक शाखेला ठेवींचे उद्दिष्ट गाठायचे असते. अशा वेळी एक जुनी हातचलाखी चालते. एका शाखेतली मोठी ठेव दोन दिवसांसाठी दुसऱ्या शाखेत वळवायची. त्या शाखेचा आलेख चढतो, साहेबांचा सत्कार होतो. पण बँकेच्या एकूण ठेवीत एका पैशाची भर पडलेली नसते. पैसा फक्त या खात्यातून त्या खात्यात गेलेला असतो.

कृत्रिम रीफवर मासे दाटीने दिसू लागतात, तेव्हा शास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न विचारतात. हे मासे नव्याने जन्मले, वाढले, की आजूबाजूचे तिथे गोळा झाले? जेम्स बोनसॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८९ साली एका लेखात हा वाद नीट मांडला आणि तो तेव्हापासून चालू आहे. थोडक्यात उत्तर असे, की दोन्ही घडते. खडकाला चिकटून राहणाऱ्या, घरासाठी जागा कमी पडणाऱ्या जातींना नवे घर मिळाले तर त्यांची संख्या खरेच वाढू शकते. फिरस्त्या जाती मात्र नुसत्या जमतात, जत्रेला जमावे तशा. आणि जमलेल्या माशांवर कोणी जाळे टाकले, तर पूर्वी दहा ठिकाणी विखुरलेला मासा एका ठिकाणी, एका दिवसात उचलला जातो. म्हणजे ठेव वाढणे दूरच. सगळी खाती एका खिडकीवर आणून रिकामी करण्याची सोय आपणच करून देतो.

म्हणून रीफची खरी मालमत्ता लोखंड नाही. लोखंड म्हणजे तिजोरीचे कपाट. ठेव असते ती 'इथून काढायचे नाही' या नियमात. नियम पाळला गेला तर मोठे मासे तिथे टिकतात, अंडी घालतात, पिल्ले बाहेर पडतात आणि आसपासच्या पाण्यात पसरतात. ते व्याज. मुद्दल जागेवर ठेवून व्याजावर जगणे, यालाच आपल्या आजोबा-पणजोबांनी शहाणपण म्हटले.

आता या बँकेचे जुने खातेदार कोण, ते पाहिले पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे, छोट्या होडीतून गळ आणि जाळी टाकणारे पारंपरिक मच्छीमार हे ते खातेदार. त्यांच्याकडे पासबुक नाही. कोकणातल्या शाखेत होड्यांच्या कर्जाचे अर्ज भरून घेताना 'तारण' या रकान्यापाशी पेन अडत असे. होडी, यंत्र, जाळी यांची किंमत लिहिता येई. पण ज्या समुद्राच्या भरवशावर हप्ते फिटायचे, तो कोणालाच तारण ठेवता येत नव्हता. या माणसांनी मोठमोठे ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी येताना पाहिली, 'मत्स्यदुष्काळ' हा शब्द घडवावा लागला आणि रस्त्यावर उतरावे लागले. त्या संघर्षानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. निर्बंध कागदावर किती आणि पाण्यात किती, यावर अजूनही भांडणे होतात.

दुसरी आठवण आणखी जुनी आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतू उत्तम होता. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांना वाटले, की आपल्याच अंगणात आपल्याला बंदी झाली. अविश्वासाची ती गाठ वर्षानुवर्षे सुटली नाही. त्यामुळे निवतीजवळच्या कोणत्याही योजनेकडे मच्छीमाराने आधी संशयाने पाहिले, तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याचा हिशेब सरळ आहे : जहाजाभोवती मासा जमला, तो पाहण्याचे पैसे दुसऱ्याने घेतले आणि मला तिथे जाळे टाकायला मनाई झाली, तर माझ्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली.

यावर कोणी म्हणेल, पर्यटन वाढले की सगळ्यांचेच भले होते. मालवणात ते काही प्रमाणात खरेही आहे. मच्छीमारांची अनेक मुले आज होडी चालवतात, पर्यटकांना पाण्याखाली नेतात, घरी खोल्या बांधून खानावळ चालवतात. पण ज्याच्याकडे खोली बांधायला जागा आहे, होडी बदलायला भांडवल आहे, त्याचे भले आधी होते. रापणीचा दोर ओढणाऱ्या साठीच्या माणसाला आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या त्याच्या बायकोला 'आता गाइड व्हा' असे सांगणे सोपे आहे. ते होणे तितके सोपे नाही. 'सगळ्यांचे' या शब्दात नेमके कोण कोण आहे, ते नावानिशी लिहिल्याशिवाय खातेवही पुरी होत नाही.

परदेशातले दोन-तीन अनुभव इथे उपयोगी पडतील. अमेरिकेत फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेल शहरासमोर १९७२ साली सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात सोडले गेले. टायरची विल्हेवाटही लागेल आणि माशांना घरही मिळेल, असा दुहेरी फायदा सांगितला गेला. टायरांच्या मोळ्या बांधल्या होत्या. बांधलेल्या पट्ट्या गंजल्या, तुटल्या. सुटे झालेले टायर लाटांबरोबर गडगडू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर जाऊन आदळले. त्यांच्यावर म्हणावे तसे काही वाढलेही नाही. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे लावून ते टायर उचलण्याचे काम सुरू करावे लागले आणि पुढे ते कित्येक वर्षे चालले. कचरा टाकण्याच्या सोयीला पुण्यकर्माचे नाव दिले की असे होते. समुद्रात कचरा टाकण्याविरुद्धचा १९७२ चा लंडन करार आहे. त्या व्यवस्थेतून २००९ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांतही रीफ ही कचरा खपवण्याची पळवाट होऊ नये, असेच बजावले आहे.

त्याच फ्लोरिडात की लार्गोजवळ २००२ साली 'स्पीगेल ग्रोव्ह' हे १५५ मीटर लांबीचे नौदलाचे जहाज रीफसाठी बुडवले. ते ठरल्या वेळेआधीच बुडाले आणि तेही उलटे, नाक पाण्याबाहेर काढून. पुढे खटपट करून ते कुशीवर वळवले. २००५ च्या चक्रीवादळाने जे केले ते मात्र अभियंत्यांना जमले नव्हते : जहाज तळावर सरळ उभे राहिले. एवढ्या वजनाच्या लोखंडाला समुद्र असा खेळवतो, हे आपल्या पावसाळी समुद्रात जहाज बसवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आज ते जहाज जगभरच्या पाणबुड्यांचे आवडते ठिकाण आहे. पण २००७ च्या मार्चमध्ये त्याच्या आतल्या दालनांत शिरलेले तीन पाणबुडे जिवंत परत आले नाहीत. तिघेही नवशिके नव्हते. बुडालेल्या जहाजाच्या पोटात वरचा उजेड नसतो, गाळ एका पायाच्या फटक्याने उठतो आणि दार सापडत नाही. बाहेरून पाहणे आणि आत शिरणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

तिसरे उदाहरण मेक्सिकोतल्या कानकूनचे. तिथे पर्यटकांच्या गर्दीने नैसर्गिक प्रवाळांचे नुकसान होत होते. २००९ पासून जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकाराचे पुतळे पाण्याखाली ठेवण्यास सुरुवात झाली. आज तिथे पाचशेच्या आसपास शिल्पे आहेत. हेतू असा, की गर्दीने इकडे यावे आणि खऱ्या खडकांना उसंत मिळावी. मला हा विचार महत्त्वाचा वाटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या ज्या मोजक्या जागा आज रोज तुडवल्या जातात, त्यांना काही महिने विश्रांती देता आली, तरच नव्या जहाजाने जुन्या खडकांचे ऋण फेडले असे म्हणता येईल. दोन्हीकडे गर्दी झाली तर मात्र आपण एका कर्जावर दुसरे कर्ज काढले, एवढाच अर्थ.

असो. टीका करून बाजूला होणे हा आम्हा निवृत्तांचा आवडता व्यवसाय. म्हणून काय करावे तेही सांगतो.

पहिली गोष्ट, शिल्लक मोजा. जहाज बसण्याआधी त्या जागी आणि आजूबाजूच्या काही जागी कोणते मासे, किती, याची नोंद झाली पाहिजे. त्यानंतर दर वर्षी तीच मोजणी. जहाजावर मासे वाढले आणि आजूबाजूचे घटले, तर ती मार्चअखेरची हातचलाखी. दोन्हीकडे वाढले तर खरी ठेव. ही आकडेवारी मुंबईच्या कार्यालयात फायलीत न ठेवता निवती, भोगवे, वेंगुर्ला इथल्या मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर मराठीत लावावी. खातेदाराला पासबुक भरून मागण्याचा हक्क असतो.

दुसरी गोष्ट, नियम कोणाचा आणि राखण कोणाची हे आधी ठरवा. याबाबतीत दूर जायला नको. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास गाव पाहावे. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने तिथे समुद्री कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. हे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन झाले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येऊ लागले, गावातल्या घरांत उतरू लागले, तिथेच जेवू लागले. अंड्यांची राखण करणे गावाच्या फायद्याचे झाले, तेव्हा राखण आपोआप झाली. निवतीला जहाजाभोवतीच्या ठरावीक वर्तुळात मासेमारी बंद ठेवायची असेल, तर त्या वर्तुळाचा राखणदार स्थानिक मच्छीमारच असावा आणि प्रत्येक पर्यटकाच्या शुल्कातला ठरलेला वाटा त्याच्या सोसायटीत जमा व्हावा. उपकार म्हणून नव्हे, खातेदाराचे व्याज म्हणून.

तिसरी गोष्ट घसाऱ्याची. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजणार. पहिल्या दिवशी सुरक्षित असलेली शिडी दहाव्या वर्षी धोक्याची होणार. आपल्याकडे उद्घाटनासाठी पैसा असतो, देखभालीसाठी नसतो. गावोगावची बंद कारंजी याला साक्ष आहेत. त्यामुळे रोजच्या उत्पन्नातून घसारा निधी बाजूला काढणे सक्तीचे करावे. होड्यांनी प्रत्येक वेळी नांगर टाकून तळ खरवडू नये म्हणून कायमचे तरंगते बोये बांधावेत. दिवसाला किती माणसे खाली जातील याची मर्यादा ठरवावी आणि दिवाळीच्या सुट्टीतही ती मोडू नये.

चौथी गोष्ट तुम्हा-आम्हा पर्यटकांची. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव आणि बिस्किटे टाकण्याची वाईट सवय आपल्या किनाऱ्यांवर रुजली आहे. खडकावरचे शेवाळ खाऊन तो स्वच्छ ठेवणाऱ्या माशाला मैदा खाऊ घालणे म्हणजे शेतातल्या बैलाला भेळेवर ठेवणे. होडीवाला पाव टाकू लागला तर त्याला थांबवावे. गिऱ्हाईक नको म्हणाले की दुकानदार ऐकतो. प्रवाळाला हात लावू नये, आठवण म्हणून शिंपला उचलू नये. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे दुखणे असेल तर अर्जात ते लपवू नये. गरोदर बाईने खाली जाऊ नये. पोटात दारू असेल तर किनाऱ्यावरच थांबावे. आणि सकाळी पाण्याखाली जाऊन संध्याकाळी चिपीहून विमान पकडण्याचा बेत करू नये. खोलवर दाबाखाली श्वास घेताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो; एका बुडीनंतरही निदान बारा तास आणि जास्त बुड्या झाल्या तर अठरा तास जमिनीवर राहावे, असा सल्ला दिला जातो. एक रात्र जास्त राहिलात तर त्या गावाला चार पैसे जास्त मिळतील, हेही आहेच.

या चारही गोष्टींना जहाज बुडवण्याइतका पैसा लागत नाही. लागते ती रोजची, कंटाळवाणी, हिशेबनीस चिकाटी. तिची छायाचित्रे वर्तमानपत्रात येत नाहीत. जहाज पाण्याखाली जाते तो क्षण टिपायला सगळे कॅमेरे हजर असतात. पाचव्या वर्षीची मासेमोजणी टिपायला कोणी येत नाही. पण बँक उभी राहते ती संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत घरी न जाणाऱ्या रोखपालाच्या जिवावर, उद्घाटनाच्या फितीवर नव्हे. समुद्राचे खातेही तसेच राहील.

आमच्या धंद्यात 'बुडीत खाते' हा सर्वांत कडू शब्द. कर्ज एका दिवसात बुडीत होत नाही. आधी एक हप्ता चुकतो, मग तपासणीला कोणी जात नाही, मग कागद फायलीत जातात आणि एके दिवशी कोणीतरी लाल शाईने शेवटची नोंद करतो. चाळीस वर्षे देशाची चाकरी केलेल्या जहाजाच्या वाट्याला ती लाल नोंद येऊ नये. ते तळाशी बसावे, त्याच्या कुशीत गोबऱ्याने घर करावे, त्याची पिल्ले रापणीच्या टापूत पोहोचावीत आणि नागपूरच्या एखाद्या मुलीने आपल्या आजीला हात पसरून त्या माशाचा आकार सांगावा. मात्र त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, रापणीचा दोर ओढणाऱ्या माणसाच्या टोपलीत कालच्यापेक्षा चार मासे जास्त पडले का, हे कोणीतरी मोजून वहीत लिहिले पाहिजे. ती वही ज्या दिवशी उघडली जाईल, त्या दिवशी मी या योजनेला गुंतवणूक म्हणेन.